आरंभीची शिल्लक

मार्केट यार्डातल्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते. सकाळी साडेनऊला पोचले की पहिलं काम रोजकीर्द उघडायचं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण आमचे मालक जुन्या वळणाचे, त्यामुळे लाल कापडी बांधणीची वही अजून रोज हातानं भरली जाते. पान उघडायचं, वर 'श्री' लिहायचं, तारीख घालायची आणि जमेच्या बाजूला पहिली ओळ लिहायची : आरंभीची शिल्लक. काल संध्याकाळी गल्ला मिटवताना जेवढं उरलं तेवढं. आज कोण काय आणणार, कुठल्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, चुकती करायची, हमालांना काय द्यायचं, हे सगळं त्याच्या खाली. उरलेलं लिहिल्याशिवाय पान सुरूच होत नाही.

ही ओळ मी २२ वर्षं लिहितेय. तिचा अर्थ मला कळला तो दुकानात नाही, घरी. आणि तोही वयाची चाळिशी ओलांडल्यावर, आमच्या आत्याबाईंमुळे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर हरिपूरचं. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात ते गाव. त्यांचे वडील हळद साठवायच्या पेवांवर कामाला होते. लग्न होऊन आत्याबाई सांगलीच्या गावभागात आल्या त्या याच घरात, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी थोडं लिहावं लागेल.

मी बरीच वर्षं आयुष्याच्या वहीत फक्त नावेची, म्हणजे देण्याची, बाजू भरत आले. दुकान सुटल्यावर स्कूटीवरून घरी येताना मनात ती यादी चाललेली असायची. मालक आज काय बोलले. जावेनं फोन केला नाही. गॅस संपत आलाय. पोराला गणितात कमी पडलेत. गुडघा दुखतोय. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते सोडवत नव्हतं. घरी पोचेपर्यंत चेहरा असा व्हायचा की मुलं माझ्याकडे बघूनच गप्प बसायची. लेक एकदा म्हणाली होती, "आई, तू घरात आलीस की वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय." ती तेव्हा सातवीत होती. ते वाक्य आजही माझ्या छातीत आहे.

आत्याबाईंच्या सकाळी वेगळ्या असत. पहाटे उठायच्या, चूल गेली तरी गॅसजवळच्या पाटावरच बसायच्या, दुरडीवरचं फडकं बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "बघू, काल काय उरलंय." शिळी भाकरी असली की त्यांचा चेहरा खुलायचा. ताकात कुस्करून, वर कांदा-लसूण चटणी आणि कच्च्या तेलाची धार. चार घास खाऊन झाले की मागच्या दारी जायच्या. तिथं कुंडीत जास्वंद होती. "आज दोन उमलत्यात," हे त्या घरातल्या कुणाला तरी सांगायच्या. कुणी ऐकलं नाही तरी सांगायच्या. गणपती मंदिराकडून घंटेचा आवाज आला की हात जोडायच्या. थंडीत नदीवरून धुकं गल्लीत शिरायचं, तर "कृष्णामाई आली बघ दारात" म्हणायच्या.

मला हे सगळं म्हातारपणाचं रिकामपण वाटायचं. त्यांना काय, हिशेब थोडाच द्यायचाय कुणाला, असं मी मनात म्हणायचे. त्यांनी ऐन तिशीत धाकटा मुलगा तापात गमावलाय, सासऱ्यांच्या आजारपणात दागिने मोडलेत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात येणं यात फार अंतर असतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना "काय, कसं चाललंय" असं विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. वर कोयनेच्या बाजूला पाऊस किती, धरणातून सोडलं किती, अलमट्टीतून पुढं जातंय किती, या गणितावर आमची झोप ठरते. त्या वर्षी आकडा थांबेचना. पाणी मारुती चौकात आलं, मग टिळक चौकात. आम्ही जे सुचलं ते माळ्यावर टाकलं, कागदपत्रांची पिशवी घेतली, आत्याबाईंना धरून बाहेर काढलं आणि विश्रामबागला माझ्या बहिणीकडे गेलो. निघताना पाणी गुडघ्याला होतं. पुढं आयर्विननं ५७ फूट ओलांडले.

बहिणीच्या घरी आठवडाभर आम्ही अकरा माणसं होतो. दिवसभर फोन, बातम्या आणि नळाला पाणी नाही. शहर पाण्यात आणि प्यायला पाणी नाही. त्यातच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. त्या दिवशी बहिणीच्या घरात कुणी जेवलं नाही. आत्याबाई खिडकीशी बसून होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर, पंधरा ऑगस्टच्या आसपास, आम्ही घरी परतलो. पूर ओसरल्यानंतरचं घर ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. आधी वास येतो. चिखल, सांडपाणी, कुजलेलं धान्य आणि मेलेलं काहीतरी, या सगळ्यांचा मिळून एक वास. दार ढकललं तर उघडेना, आतून गादी फुगून अडली होती. प्लायवुडचं कपाट उसवून पडलं होतं. पुस्तकांचा लगदा झाला होता. लग्नाचा अल्बम मी उघडला तर फोटोंवरचे चेहरे वाहून गेले होते, नुसते शालूचे रंग राहिले होते. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर, साडेपाच फुटांवर, पाण्यानं एक रेघ ओढून ठेवली होती. वर पांढरी भिंत आणि खाली मातकट, दोरी धरून आखल्यासारखी सरळ.

मी उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. आवरता येईना. ह्यांनी काही न बोलता खोरं उचललं आणि चिखल ओढायला सुरुवात केली. आत्याबाई साडी खोचून आत गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला.

"आगं, डबा बघ की."

"कसला डबा?"

"भडंगाचा. पोरीला पुण्याला पाठवायचा हुता न्हवं."

फ्रिज उताणा पडला होता आणि त्याच्यावर, कुणी अलगद ठेवावा तसा, स्टीलचा मोठा डबा बसला होता. पाणी चढलं तसा तो फळीवरून उचलला गेला असणार, दहा बाय दहाच्या त्या खोलीत आठवडाभर तरंगत राहिला असणार आणि पाणी उतरताना फ्रिजवर टेकला असणार. आत्याबाईंनी प्यायच्या पाण्याच्या बाटलीतलं निम्मं पाणी घालून डबा धुतला. ते पाणी तेव्हा सोन्यासारखं होतं, मी ओरडणारच होते. मग पदरानं पुसला. झाकण निघेना, तर उलथन्याच्या दांड्यानं उचकटलं.

आत भडंग होतं. चुरमुरे, शेंगदाणे, तळलेला लसूण, कढीपत्ता, मेतकूट, लाल तिखट. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि त्या चिखलात, त्या वासात, कुर्रकन आवाज आला.

"कुरकुरीत हाय गं!" त्या म्हणाल्या. त्या स्वरात लहान मुलाचं नवल होतं. "एवढं राखलं बघ कृष्णामाईनं."

आज विचार केला तर पुराच्या पाण्यातून आलेलं काही खायला नको होतं, आणि कुणी खाऊही नये. पण त्या क्षणी तो विचार कुणाला नव्हता. डबा घेऊन त्या गच्चीवर गेल्या. आम्हाला हाका मारल्या. शेजारच्या गच्चीवर काकी उभ्या होत्या, त्यांनाही ताटलीभर दिलं. पलीकडचा इस्त्रीवाला आला, त्याची दोन मुलं आली. खाली गल्लीभर ओले संसार उन्हात मांडलेले आणि वर आम्ही आठ-दहा माणसं उभ्यानं भडंग खात होतो. कुणीतरी म्हणालं, तिखट जरा जास्त झालंय. आत्याबाई म्हणाल्या, "मग पान्यात ठेवलेलं की आठ दिवस, तरी उतरलं न्हाई." आणि आम्ही हसलो. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, आणि हसू. माझ्या पोराला, तो दहा वर्षांचा होता, पुरातलं दुसरं फारसं काही आठवत नाही. ते भडंग आठवतं.

त्या दिवशी मला काही उलगडलं असं मी म्हणणार नाही. मी थकले होते, एवढंच. पुढच्या आठवड्यात दुकानात गेले, पान उघडलं, 'श्री' लिहिलं, जमेकडे पहिली ओळ लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. आरंभीची शिल्लक. पहाटेची दुरडी डोळ्यांपुढे आली. "बघू, काल काय उरलंय." पन्नास-साठ वर्षं ही बाई रोज सकाळी ही एकच ओळ लिहीत आली होती. शिळ्या भाकरीवर, जास्वंदीच्या कळीवर, आणि सगळं घर वाहून गेल्यावर एका डब्यावर. नावेची बाजू तिलाही होतीच, माझ्यापेक्षा मोठी होती. फरक एवढाच की ती पान तिथून सुरू करत नव्हती.

आनंदी राहा, सकारात्मक विचार करा, असं सांगणारे संदेश त्या महिन्यात फोनवर किती आले! पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते सोसवत नव्हते. आमच्याकडे म्हण आहे, पी हळद आणि हो गोरी. हळदीच्या पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही म्हण जरा जास्तच खोल कळते. हळद काही अशी पिऊन रंग चढवणारी वस्तू नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस लावायची, आठ-नऊ महिने रानात राहू द्यायची. खणून काढली तरी ती हळद झालेली नसते. ती शिजवावी लागते. शिजवली नाही तर कोंब फुटतो, रंग आत सगळीकडे सारखा पसरत नाही आणि कच्चा वास जात नाही. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. पुरती वाळली की हळकुंड मोडताना टणकन आवाज येतो, व्यापारी कान देऊन तो आवाज ऐकतात. तरी ती दिसायला मळकी, खडबडीत. शेवटी ड्रममध्ये घालून फिरवायची, एकमेकींवर घासून घासून तिचा पिवळा रंग बाहेर येतो. रंग बाहेरून लावलेला नसतो, आतलाच असतो. राजापुरी हळदीचं पोतं ओतलं की अडत्याच्या शेडमध्ये जो उजेड पडतो त्याच्यामागे हे एवढं सगळं असतं. आत्याबाईंचं ते "कुरकुरीत हाय गं" तसंच होतं. त्यांनी ते त्या दिवशी ठरवून म्हटलेलं नव्हतं. ते कधीचं शिजून, वाळून तयार होतं.

पण मला जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते ती निराळीच आहे. आत्याबाईंनी कुणालाही आनंदी व्हायला सांगितलं नाही.

आमच्या गल्लीत एका घरी लेकीचं लग्न ठरलेलं होतं. जमवलेलं सगळं सामान पुरात गेलं, आणि लग्न पुढं ढकललं जाता जाता मोडलं. त्या बाईकडे आत्याबाई दोन दिवस जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. तिच्याबरोबर भांडी घासली, ओली चादर पिळली आणि परत आल्या. मी विचारलं, "तुम्ही काही समजावलं का तिला?" तर म्हणाल्या, "पेव उघडलं की लगीच आत उतरत न्हाईत, पोरी. वारं खेळू द्यावं लागतं."

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हरिपूरची जमीन चिवट मातीची. तिथं खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायची रीत होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, जमिनीत पुरलेल्या रांजणासारखं. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही की कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावलौकिकात या पेवांचाही वाटा आहे. पण बंद पेवात प्राणवायू उरलेला नसतो. झाकण काढून कुणी लगेच आत उतरला तर गुदमरून जायचा. म्हणून तोंड उघडं करून काही तास तसंच ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. आत्याबाई लहानपणी वडिलांची भाकरी घेऊन पेवांवर जायच्या. तो कंदील खाली जाताना सगळी माणसं कशी गप्प होत, हे त्यांनी मला कितीदा सांगितलंय. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. त्यांच्या वडिलांनी आयुष्य घातलेली जागा. तेव्हाही त्या हरिपूरला जाऊन नुसत्या बसून आल्या होत्या.

'पेव फुटणे' हा शब्द आपण आता निंदेला वापरतो, अफवांचं पेव फुटलं वगैरे. मूळचं पेव मात्र गप्प असायचं. त्यात सोन्यासारखा माल असायचा, आणि त्यात उतरण्याआधी थांबावं लागायचं. दुःखातल्या माणसाजवळ जाताना मी आता कंदील सोडून बघते. तो विझत असेल तर बोलत नाही. आणि हेच स्वतःच्या बाबतीतही शिकले. एखाद्या दिवशी मन अंधारलेलं असेल तर लगेच आत उतरून 'चांगलं काय आहे ते शोध' असं मनाला दटावत नाही. तोंड उघडं ठेवते. वारं जाऊ देते.

लेक पुढं मानसशास्त्र शिकायला लागली. ती सुट्टीला आली की रात्री आम्ही दोघी गच्चीवर बसतो. तिनं एकदा मला एक अभ्यास सांगितला. १९७८ साली अमेरिकेतल्या फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ लॉटरी लागलेली माणसं निवडली आणि त्यांची तुलना साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केली. लॉटरीवाले फार सुखी निघाले नाहीत. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं : सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, असल्या रोजच्या साध्या गोष्टींतलं सुख त्यांना इतरांपेक्षा कमी वाटू लागलं होतं. मोठ्या सुखानं लहान सुखांचा उजेड खाल्ला होता.

मी तिला म्हटलं, हे मी दुकानात पाहिलंय. २०१० च्या सुमारास हळदीचा भाव असा चढला की यार्डात कुणी कधी पाहिला नव्हता. लोकांनी गाड्या घेतल्या, घरं बांधली, ते चांगलंच झालं. पण पुढं भाव उतरल्यावर, पूर्वी ज्या रकमेची पट्टी हातात पडल्यावर माणसं देवळात जायची, तेवढीच पट्टी घेताना तीच माणसं मान खाली घालून जायला लागली. रक्कम तीच होती. आरंभीची शिल्लक मात्र मनात कुणीतरी दुसरीच लिहून ठेवली होती.

तिनं आणखी एक सांगितलं. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या दोघांनी काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाला कटकटी लिहायला सांगितल्या, तिसऱ्याला नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आयुष्य जास्त बरं वाटत होतं. "आई, तू तर हिशेबच लिहितेस," ती म्हणाली, "हाही लिही की."

म्हणून माझी दुसरी वही सुरू झाली. साधी दोनशे पानी. रात्री झोपायच्या आधी नाही, सकाळी लिहिते, दुकानात कीर्द लिहितात तशी, आणि कालचं उरलेलं लिहिते. एखाद्या दिवशी एकच ओळ. 'हमालमामांनी पोतं उतरवताना पाटीखाली सापडलेलं मांजराचं पिल्लू दुपारभर खिशात ठेवलं.' 'पहिली राजापुरी आली, हात पिवळे झाले, पोळीला वास.' 'आत्याबाई झोपेत हसल्या.' 'ह्यांनी न सांगता गॅस आणला.' आणि एक मिरजेची नोंद आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचते.

मिरजेला दवाखान्याच्या कामाला गेले होते. रिपोर्ट माझाच होता आणि मनात भीती होती. परतताना रिक्षा मिळेना म्हणून सतारमेकर गल्लीतून चालत निघाले. दुकानांत भोपळे टांगलेले होते, कुठं नुसती दांडी, कुठं रंग वाळत घातलेला. एका दुकानात एक माणूस तंबोऱ्याची जवारी लावत होता. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा बारीकसा धागा. तो केसभर पुढं सरकवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा केसभर मागं. तार बोलत होती, पण सपाट. मी पायरीशी उभी राहिले. असं किती वेळा झालं कोण जाणे. आणि एकदा धागा असा बसला की तोच सूर अचानक उघडला, आत दिवा लावल्यासारखा, आणि गुंजत राहिला. तार तीच, ताण तोच, भोपळाही तोच. त्या माणसानं मान वर केली, मी उभी आहे हे पाहिलं आणि म्हणाला, "लागली." जसं काही आम्ही दोघांनी मिळून लावली. रिपोर्टमध्ये काय होतं ते त्या पानावर नाही. नावेकडे होतं, ते यथावकाश फेडलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आयर्विननं पुन्हा पन्नाशी ओलांडली, घरात पुन्हा पाणी, कमरेइतकं. त्यावेळी वही माळ्यावर होती आणि ती मी तीन महिने उघडली नाही. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली नवी कपाटं, सगळं गेलं आणि मी कुणाशी नीट बोलत नव्हते. आत्याबाई माझ्यापाशी येऊन बसायच्या, शेंगा फोडत. एकदाही 'बघू काय उरलंय' म्हणाल्या नाहीत. दिवाळीच्या आधी एका पहाटे मी आपण होऊन दुरडी उघडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताकाचं भांडं पुढं सरकवलं.

त्या दिवाळीला रंग देताना ह्यांनी रंगाऱ्याला सांगितलं, पुराच्या रेघा पार घालवा, पुट्टी घाला, काही दिसता कामा नये. बरोबरच होतं त्यांचं. रोज ती रेघ डोळ्यांसमोर कुणाला हवी असते? पण आत्याबाई दाराच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी वीतभर जागा सोडा." का ते सांगितलं नाही. रंगाऱ्यानं सोडली. मग त्यांनी नातवाला बोलावलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर उलथनं आडवं धरलं आणि पेन्सिलीनं खूण केली. शेजारी तारीख मला घालायला लावली. खालची २०२१ ची रेघ त्यानं कधीच मागं टाकलेली होती. वरची २०१९ ची बरीच लांब होती.

तेव्हापासून दर दिवाळीला खूण होते. आता गल्लीतली पोरंही येतात. इस्त्रीवाल्याची धाकटी पाच वर्षांची आहे, तिची चुरस खालच्या रेघेशी चालली आहे. टाचा उचलते, आणि आत्याबाई काठीनं तिच्या टाचांवर हलकेच टकटक करतात. भिंतीची ती पट्टी आता पेन्सिलीच्या खुणांनी आणि नावांनी इतकी भरली आहे की नवा माणूस आला तर त्याला पुराच्या रेघा दाखवाव्या लागतात, आपण होऊन दिसत नाहीत.

आत्याबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे. दिसतं कमी, खाटेवरून उठणं होत नाही. गेल्या दिवाळीला अभ्यंगस्नान करून, ओल्या केसांनी, माझा मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. मिसरूड फुटलंय त्याला. उलथनं मी धरलं, खूण केली.

खाटेवरून आवाज आला, "गाठली का रं?"

तो वळला, बोटं लावून मोजायला लागला.

"अजून दोन बोटं, आज्जी."

"केस धरून की सोडून?"

"सोडून."

"मग केस धरून मोज," त्या म्हणाल्या, आणि भडंगाचा डबा त्याच्याकडे सरकवला.